गिकुयूतलं नाटक सरकारला का झोंबलं? कामिरिथू, न्गुगी आणि आफ्रिकी लेखकांचा भाषेचा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियात, नैरोबीपासून जवळच, लिमुरूच्या चहामळ्यांना लागून कामिरिथू नावाचं गाव आहे. 1977 मध्ये तिथे गिकुयू या स्थानिक लोकांच्या भाषेत एक नाटक झालं आणि जेमतेम सहा आठवड्यांत ते बंद पाडलं गेलं. आफ्रिकी लेखकांनी कोणत्या भाषेत लिहावं, या वादातल्या बहुतेक गाठी त्या एका नाटकात सापडतात. म्हणून खालचे बरेचसे प्रश्न त्याच्याभोवतीच आहेत.

हा वाद सुरू कधी झाला?

जून 1962. युगांडाच्या कंपालामध्ये, मकेरेरे इथे आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली. परिषदेच्या नावातच मेख होती: ती 'इंग्रजीतून लिहिणाऱ्या' आफ्रिकी लेखकांची होती. नायजेरियाचे चिनुआ अचेबे आले, वोले सोयिंका आले. पुढे कामिरिथूचं नाटक लिहिणारे केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो तेव्हा जेम्स न्गुगी नावाचे विद्यार्थी होते. छापून आलेल्या दोन इंग्रजी कथांच्या जोरावर त्यांनाही आत जागा मिळाली. स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट आणि नायजेरियातल्या योरुबा भाषेतले कादंबरीकार फागुन्वा यांच्या नावावर पुस्तकंच्या पुस्तकं होती, पण त्यांना बोलावणं नव्हतं.

पुढच्याच वर्षी नायजेरियाच्या ओबी वाली यांनी 'ट्रान्झिशन' या नियतकालिकात लेख लिहून म्हटलं, की युरोपीय भाषेत लिहिलेलं साहित्य म्हणजेच आफ्रिकी साहित्य असं धरून चाललात, तर ही वाट पुढे बंद आहे. त्यावर बरेच नामवंत चिडले. न्गुगींना मात्र हा मुद्दा पुरता पटायला पंधरा वर्षं लागली, आणि पटला तो कुठल्या परिषदेत नव्हे.

अचेबे इंग्रजीच्या बाजूचे आणि न्गुगी विरोधातले, एवढंच ना?

परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील, पण ते अर्धवट आहे. अचेबे यांचं म्हणणं असं होतं, की नायजेरियात शेकडो भाषा आहेत आणि वसाहतीने मागे ठेवलेली इंग्रजी हीच सगळ्यांना जोडणारी आहे. ती टाकून देण्यापेक्षा ती वाकवावी. कशी, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या एका लेखात त्यांनी एकाच उताऱ्याचे दोन खर्डे शेजारी ठेवले. प्रसंग असा: अचेबे यांच्याच इग्बो समाजातला एक पुजारी आपल्या मुलाला मिशनच्या शाळेत का पाठवतोय हे त्याला समजावतो. एका खर्ड्यात पुजारी साध्या सरळ इंग्रजीत बोलतो. दुसऱ्यात तो इग्बो माणसासारखा दृष्टान्त देत, म्हणी पेरत बोलतो. दुसरा खर्डा वाचला की पुजारी समोर उभा राहतो.

अचेबे इग्बोत कादंबरी का लिहीत नव्हते, यामागे आणखी एक कारण होतं. ते फारसं सांगितलं जात नाही. मिशनरी टी. जे. डेनिस यांनी बायबलच्या भाषांतरासाठी वेगवेगळ्या बोलींचे तुकडे जोडून एक 'एकत्रित इग्बो' घडवली. ते बायबल 1913 मध्ये छापून आलं आणि छापील इग्बो त्याच वळणावर गेली. अचेबे यांना ती भाषा निर्जीव वाटायची. 1999 मध्ये ओवेरी इथे त्यांनी इग्बोतून जाहीर व्याख्यान दिलं, तेव्हाही त्यांचा रोख याच गोष्टीवर होता. म्हणजे 'आपल्या भाषेत लिहा' असं सांगितलं की लगेच विचारावं लागतं: तिचं लेखन कोणी ठरवलं?

न्गुगींचा प्रतिप्रश्नही बिनतोड होता. इग्बो म्हणी, इग्बो लय, इग्बो दृष्टान्त घालून इंग्रजी श्रीमंत झाली. त्यातलं इग्बोच्या पदरात काय पडलं?

शाळेतल्या बटणाची गोष्ट खरी आहे का?

हो, न्गुगींनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. 1952 मध्ये केनियात आणीबाणी लागली. त्यानंतर गिकुयू लोकांनी चालवलेल्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना कोणी सापडला, की छड्या बसायच्या किंवा 'मी मूर्ख आहे', 'मी गाढव आहे' अशी पाटी गळ्यात अडकवली जायची. कधी दंड भरावा लागायचा, आणि तो गरिबाघरी कुठून येणार?

यातली खरी चलाखी पकडण्याच्या पद्धतीत होती. सकाळी एका मुलाला बटण दिलं जाई. गिकुयू बोलणारा दुसरा कोणी सापडला की ते त्याच्याकडे सरकवायचं. संध्याकाळी ज्याच्याकडे बटण, त्याने नाव सांगायचं; त्याला कोणी दिलं, त्याने पुढचं नाव सांगायचं. दिवसभरातली सगळी साखळी उघडी पडायची. मास्तरांना पहारा ठेवायची गरजच नव्हती. मित्राने मित्राला पकडून द्यायचं, आणि तेही आईशी बोलायच्या भाषेवरून.

परीक्षेतही तेच. इतर सगळ्या विषयांत उत्तम गुण मिळाले, पण इंग्रजीत नापास झालं, तर पूर्ण नापास.

कामिरिथूमध्ये नेमकं काय घडलं?

आधी गावाविषयी. कामिरिथू 'आणीबाणीचं गाव' म्हणून वसवलं गेलं. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या माऊ माऊ बंडखोरांना गावकऱ्यांकडून अन्न आणि निरोप मिळू नयेत म्हणून ब्रिटिशांनी 1950 च्या दशकात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना पहाऱ्यातल्या गावांत कोंबलं. स्वातंत्र्यानंतरही ही वस्ती तशीच राहिली. चहाचे मळे आणि लिमुरूचा बूट कारखाना यांना मजूर पुरवणारी. गावात चार एकरांची एक मोकळी जागा होती आणि तिथे तरुणांसाठीचं एक केंद्र नावापुरतं उभं होतं.

न्गुगी जवळच राहत आणि नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवत. गावातली एक बाई दर रविवारी त्यांच्या दारात येऊन केंद्रासाठी काहीतरी करा म्हणून मागे लागली. 1976 मध्ये केंद्राची नव्याने घडी बसली आणि प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. ते वर्ग दुसरे एक न्गुगी, न्गुगी वा मिरी, यांच्या देखरेखीखाली चालत. याच वर्गांतून नाटकाची मागणी पुढे आली. दोघा न्गुगींनी मिळून 1977 च्या सुरुवातीला संहिता लिहिली. नाव ठेवलं 'न्गाहिका न्देंदा', म्हणजे 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन'. दिग्दर्शन विद्यापीठातल्या किमानी गेचाऊ यांचं. तालमी जूनपासून, पहिला प्रयोग 2 ऑक्टोबर 1977. 16 नोव्हेंबरला जिल्हा प्रशासनाने केंद्रात लोक जमवायचा परवाना काढून घेतला. 31 डिसेंबरच्या पहाटे न्गुगींना घरातून उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. कामिती तुरुंगात त्यांनी जवळपास एक वर्ष काढलं आणि अध्यक्ष केन्याटा यांच्या निधनानंतर, डिसेंबर 1978 मध्ये, ते बाहेर आले.

दोघे न्गुगी भाऊ होते का?

नाही. न्गुगी हे नाव आहे. 'वा' म्हणजे आपला 'चा': थिओंगोचा न्गुगी, मिरीचा न्गुगी. त्यामुळे थिओंगो हे आडनाव समजू नका.

नाट्यगृह कुणी बांधलं आणि ते दिसायचं कसं?

गावातल्या तरुणांनीच. आधी जमिनीवर आगकाड्या मांडून आराखडा केला. त्यावरून एक छोटी प्रतिकृती बनवली आणि मग तिच्या मापाने खरं बांधकाम झालं. अर्धवर्तुळाकार उंच चौथरा, त्यामागे बांबूची अर्धगोल भिंत. भिंतीमागे तीन खोल्यांचं लहानसं घर: सामान ठेवायला आणि कपडे बदलायला. समोर लाकडी लांब बाकं, पायऱ्यांसारखी चढत गेलेली. छप्पर नाही. सुमारे 2,000 माणसं बसतील एवढी जागा.

छप्पर का नव्हतं, याला पैशाचं उत्तर आहेच. पण त्याने झालं असं, की रंगमंच कुठे संपतो आणि प्रेक्षक कुठे सुरू होतात हे सांगता येईना. नट प्रेक्षकांतून यायचे, बाकांभोवती फिरायचे. बाकांच्या मागे निलगिरीची उंच झाडं होती. एका प्रयोगात काही नट तालमीत न ठरवताच त्या झाडांवर चढले आणि वरूनच कोरसमध्ये सूर मिसळले.

याची तुलना नैरोबीतल्या राष्ट्रीय नाट्यगृहाशी करा. ते 1952 मध्ये, म्हणजे आणीबाणीच्याच वर्षी, उघडलं. स्वातंत्र्यानंतर तेरा वर्षांनी, 1976 मध्येही, तिथे केनियन नाटकाला तारखा मिळवताना न्गुगी आणि त्यांच्या सहलेखिका मिचेरे मुगो यांना झगडावं लागलं. देदान किमाथी या बंडखोर नेत्यावरचं त्यांचं नाटक त्या वर्षी तिथे झालं, पण अगदी मोजक्या तारखांना, कारण बाकीच्या तारखा परदेशी मंडळींच्या कार्यक्रमांनी अडवलेल्या होत्या.

संहिता लेखकांची की गावाची?

नावं दोघांची, पण गावाने ती उघडून नीट तपासली. वाचन सुरू झालं तसे आक्षेप येऊ लागले. म्हातारा माणूस असं बोलेल का? या वयाच्या तोंडी ही म्हण शोभत नाही. मजुरीचे हिशेब तर कारखान्यातल्या कामगारांनी काट्यावर तोलले, कारण तो पगार त्यांच्या खिशात येत होता. शिकलेले लेखक गिकुयू बोलत, पण ती शाळेने घासून गुळगुळीत केलेली गिकुयू होती.

गाण्यांचं आणखी वेगळं. नाटकात 'गितीरो' नावाचा संवादी गीतनृत्याचा प्रकार आहे. तो पूर्ण कुणालाच येत नव्हता. शेवटी गावातल्या एका निरक्षर वृद्धेकडे जाऊन शब्द न शब्द शिकावा लागला. विद्यापीठाचे प्राध्यापक शिष्य आणि तिला अक्षरओळखही नाही. ते शब्द इतके दिवस का हरवले होते? वसाहतकाळात असे समारंभ एकामागून एक बंद पाडले गेले. दर पंचवीस वर्षांनी पिढी बदलताना होणारा 'इतुइका' हा सोहळा ब्रिटिशांनी 1925 च्या सुमारास बंद पाडला.

तालमी शनिवार-रविवारी दुपारनंतर व्हायच्या. आठवडाभर मजुरी, रविवारी सकाळी चर्च. या दोन्हींना धक्का लावला तर माणसं येणार नाहीत, हे आयोजकांना पक्कं ठाऊक होतं. तालमी उघड्यावर असल्याने बघ्यांची गर्दी जमायची. नट चुकतोय, पुन्हा म्हणतोय, दिग्दर्शक थांबवतोय, हे सगळं लोकांसमोर चाले. पहिल्या प्रयोगाच्या आधीच कित्येक प्रेक्षकांना संवाद पाठ होते.

नाटकाची गोष्ट काय आहे?

किगुंदा हा शेतमजूर. दीड एकर जमीन, तिचा दाखला चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला. बायको वांगेची, मुलगी गाथोनी. गावचा धनिक किओई (बाप्तिस्म्याचं नाव अहाब, बायको जेझेबेल, म्हणजे बायबलमधल्या जमीन बळकावणाऱ्या राजा-राणीची नावं!) याचा मुलगा गाथोनीच्या मागे आहे. किओई आणि त्याची मंडळी घरी येऊन किगुंदा-वांगेचीला सांगतात, तुमचं लग्न चर्चमध्ये लागलेलं नाही, ते आधी पवित्र करून घ्या. यांना वाटतं, सोयरीक जुळतेय. चर्चच्या लग्नाच्या खर्चासाठी जमीन गहाण पडते. पुढे मुलगी गरोदर राहते, मुलगा हात वर करतो आणि जमीन कीटकनाशकाच्या कारखान्यासाठी जाते. शेजारचा कामगार गिचांबा हा अधूनमधून डोळे उघडायचं काम करतो. तो जरा जास्तच भाषणं देतो, हा नाटकाचा दोष मान्य करायला हवा.

इंग्रजी कादंबरी चालली, मग गिकुयू नाटकच का खुपलं?

सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न हाच. जुलै 1977 मध्ये न्गुगींची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. नव्या केनियातले जमीनदार, परदेशी भांडवल, फसवले गेलेले शेतकरी, सगळं त्यात आहे आणि नाटकापेक्षा सौम्य मुळीच नाही. तिचं प्रकाशन नैरोबीच्या सिटी हॉलमध्ये झालं. प्रकाशन केलं कोणी? तेव्हाचे अर्थमंत्री म्वाई किबाकी यांनी. त्याच लेखकाने तोच मजकूर चार महिन्यांत गिकुयूत, गावात, गावकऱ्यांच्या तोंडून मांडला, तेव्हा परवाना गेला आणि लेखक आत गेला.

मजकूर बदलला नव्हता. बदलला तो ऐकणारा. इंग्रजी कादंबरी जे वाचणार होते ते सिटी हॉलमध्येच बसले होते आणि चहा पीत होते. गिकुयू नाटकाला बस, टॅक्सी भाड्याने करून दूरदूरची माणसं येत होती, आणि किगुंदाचा दाखला आपल्याही भिंतीवर आहे हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. या दाखल्याचं महत्त्व बाहेरच्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. 1954 च्या स्विनर्टन योजनेखाली ब्रिटिशांनी गिकुयू भागात जमिनींचं एकत्रीकरण करून वैयक्तिक मालकीचे दाखले दिले, आणि ते दिले तेव्हा हजारो पुरुष स्थानबद्धता छावण्यांत होते. चौकटीतला तो कागद म्हणजे एका माणसाचा अभिमान आणि दुसऱ्याची गेलेली जमीन.

परवान्याची युक्तीही ध्यानात घ्या. नाटकात अमुक वाक्य आक्षेपार्ह आहे असं म्हणावंच लागलं नाही. माणसं जमवायची परवानगी काढली की काम झालं. वसाहतीने मागे ठेवलेली हत्यारं अशीच असतात. आपल्याकडे 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा इतिहास, आणि 1907 मध्ये रंगमंचावर येऊन 1910 मध्ये बंदी आलेलं 'कीचकवध', हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना केनियातला हा कागद ओळखीचा वाटेल.

तुरुंगात टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली म्हणतात, ते शक्य तरी आहे का?

आहे, कारण तो कागद मऊ नव्हता. कैद्यांना मुद्दाम खरखरीत कागद दिला जाई. अंगाला बोचणारा, पण शाई न फुटणारा. एकदा झडतीत सगळे कागद गेले, मग परत मिळाले.

कागदापेक्षा मोठी अडचण लिपीची होती. गिकुयूत स्वर सात आहेत. शिवाय स्वराची लांबी आणि सूर यांनी अर्थ बदलतो. मिशनऱ्यांनी बसवलेल्या लेखनात सूर दाखवायची सोयच नव्हती. रात्री लिहिलेला परिच्छेद सकाळी वाचायला घेतला की वाक्य भलत्याच अर्थाने वाचलं जायचं. यावर उपाय एकच: आजूबाजूची वाक्यं इतकी घट्ट बांधायची की दुसरा अर्थ आत शिरूच नये.

ही कादंबरी 1980 मध्ये आली: 'शाइतानी मोथाराबाइने', म्हणजे 'क्रुसावरचा सैतान'. यातला शाइतानी आणि आपला सैतान एकाच अरबी शब्दाची लेकरं आहेत. कथा सांगणारा निवेदक हा 'गिचांदी' वाजवणारा, म्हणजे भोपळ्याच्या वाद्यावर कोडी आणि कवनं गाणारा लोककलावंत आहे. भाषा बदलताच निवेदकही बदलला, हे लक्षात घ्या.

पण गिकुयू पुस्तक विकत घेऊन वाचणार कोण?

प्रकाशकालाही हीच धास्ती होती. प्रत्यक्षात पहिली छपाई झपाट्याने संपली आणि त्याच वर्षी पुस्तक पुन्हा छापावं लागलं. पण किती प्रती खपल्या यावरून वाचक मोजू नयेत. एक प्रत घरी यायची, शिकलेला मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी मोठ्याने वाचायची, सगळं घर ऐकायचं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचन चाले. बारमध्ये तर खास वाचणारेच तयार झाले. गोष्ट ऐन रंगात आली की वाचणारा पेल्याकडे बघायचा. पेला रिकामा, तर पुस्तक मिटून खाली. श्रोते ओरडायचे, 'याला आणखी एक बाटली द्या!' आणि गोष्ट पुढे सरकायची.

1982 मध्ये पुन्हा काय झालं?

दुसरं नाटक, 'माइतो न्जुगिरा', म्हणजे 'आई, माझ्यासाठी गा'. हे संगीत नाटक वसाहतकाळातल्या मजूर कायद्यांवर होतं आणि त्यात केनियातल्या अनेक भाषांची गाणी होती. फेब्रुवारी 1982 मध्ये ते राष्ट्रीय नाट्यगृहात व्हायचं होतं. परवाना मिळाला नाही, दारं बंद. मग विद्यापीठात तालमीच 'प्रयोग' झाल्या आणि हजारोंनी लोक आले; त्याही थांबवल्या गेल्या. मार्चमध्ये केंद्राची नोंदणी रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी सशस्त्र पोलिसांनी येऊन बांबूचं ते नाट्यगृह जमीनदोस्त केलं. न्गुगी तेव्हापासून देशाबाहेर राहिले. मिरी आणि गेचाऊ झिम्बाब्वेत गेले आणि तिथे लोकनाट्याचं काम करत राहिले.

कादंबरीतल्या पात्राला अटक करायला पोलीस निघाले होते, हे खरं?

'मातिगारी' ही गिकुयू कादंबरी 1986 मध्ये आली. मातिगारी नावाचा माणूस देशभर फिरत सत्य आणि न्याय कुठे आहे असं विचारतोय, अशी कुजबूज हेरखात्याच्या कानी गेली. त्याला पकडायचा हुकूम निघाला. तो पुस्तकात राहतो हे कळल्यावर 1987 मध्ये दुकानांतून पुस्तकच जप्त झालं. न्गुगींनी हा किस्सा इंग्रजी आवृत्तीच्या टिपणात नोंदवला आहे.

न्गुगी सोडून बाकीच्यांनी काय केलं?

खूप काही, आणि त्यातले काही जण वादात न पडताच. नायजेरियात ह्यूबर्ट ओगुंदे 1940 च्या दशकापासून योरुबा संगीत नाटकं घेऊन गावोगाव फिरत होते. कंपनी, गाणी, लॉरीचा प्रवास. आपल्या जुन्या नाटक मंडळींची आठवण यावी असा थाट. 1964 मध्ये त्यांच्या 'योरुबा रोनू' ('योरुबांनो, विचार करा') या नाटकामुळे पश्चिम विभागाच्या सरकारने त्यांच्या कंपनीवर बंदी घातली. ती 1966 मध्ये उठली. म्हणजे मकेरेरेत चर्चा चालू असताना देशी भाषेतलं रंगभूमीचं राजकारण तिकडे तिकीट लावून चाललं होतं.

युगांडाच्या ओकोट प'बिटेक यांनी लाविनो या बाईच्या तोंडचं दीर्घगीत आपल्या अचोली भाषेत रचलं. गंमत अशी, की त्याचं इंग्रजी रूप 1966 मध्ये आधी छापलं गेलं आणि अचोली मूळ 1969 मध्ये. सेनेगलचे उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये लिहीत, पण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना ते वाचता येत नाही हे जाणवल्यावर ते सिनेमाकडे वळले; 1968 चा 'मांदाबी' वोलोफ या सेनेगलच्या भाषेत बोलतो. केन सारो-विवा यांनी 1985 मध्ये एक कादंबरी मुद्दाम 'सडक्या इंग्रजीत' लिहिली, बाजारातली, सैनिकांची, अर्धवट शिकलेल्या पोराची इंग्रजी.

न्गुगींवर आक्षेप कोणते, आणि त्यात तथ्य किती?

पहिला: गिकुयू हा केनियातला सर्वांत मोठा समाज, केन्याटाही त्यातलेच. चाळीसहून अधिक भाषांच्या देशात एका प्रबळ समाजाच्या भाषेत लिहिणं हे लुओ किंवा कांबा अशा दुसऱ्या समाजातल्या माणसाला मुक्ती वाटेलच असं नाही. या आक्षेपात दम आहे. न्गुगींचं उत्तर होतं भाषांतर, तेही इंग्रजीला वळसा घालून, आफ्रिकी भाषेतून आफ्रिकी भाषेत. त्यांची एक छोटी गिकुयू कथा 2016 पासून शंभरहून अधिक भाषांत गेली, पण मधल्या पुलाचं काम बहुतेक वेळा इंग्रजीनेच केलं.

दुसरा: इंग्रजीला रामराम ठोकून त्यांनी निबंध इंग्रजीतच लिहिले आणि अमेरिकेत इंग्रजीतच शिकवलं. खरं आहे. कथा-कादंबरी मात्र त्यांनी गिकुयूतच लिहिली. 28 मे 2025 रोजी अमेरिकेत त्यांचं निधन झालं.

तिसरा आक्षेप, 'मग स्वाहिली का नाही?', हा टांझानियातून जास्त येतो. न्गुगी स्वाहिलीच्या विरोधात नव्हतेच. केनियात 2010 च्या राज्यघटनेने तिला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा केलं आहे. आणि स्वाहिली आपल्याला वाटते तितकी परकी नाही: तिथे दुकान म्हणजे 'दुका', गाडी म्हणजे 'गारी', पैसा म्हणजे 'पेसा'.

या इतिहासात गोव्याचं कोणी आहे का?

पिओ गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेले गोवेकर, शिक्षण भारतात, गोवामुक्तीच्या चळवळीत काम. पुढे केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले, ब्रिटिशांनी 1954 मध्ये स्थानबद्ध केलं. स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या वाटपावरून सत्ताधाऱ्यांशी त्यांचं बिनसलं आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी नैरोबीत त्यांचा खून झाला. किगुंदाच्या दीड एकराची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर पिंटो वाचायलाच हवेत.

नावं देवनागरीत कशी लिहायची?

रूढ रूप 'न्गुगी' आहे म्हणून इथेही तेच ठेवलं आहे, पण उच्चार तसा नाही. गिकुयू लेखनात इ आणि उ या अक्षरांवर नागमोडी चिन्ह आलं, की त्यांचा उच्चार अनुक्रमे ए आणि ओ यांच्या जवळ जातो. त्यामुळे नाव 'न्गोगे'सारखं आणि भाषेचं नाव 'गेकोयो'सारखं ऐकू येतं. रोमन सी म्हणजे श. टी-एच म्हणजे दाताला जीभ लावून मऊ द, थ नव्हे. थिओंगोच्या शेवटी ग नाही, नुसता ङ आहे. इंग्रजी पुस्तकांत नागमोडी चिन्हं गाळलेली असतात, तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

हे नाटक मराठीत करायचं असेल तर?

हक्कांपासून सुरुवात करा. नाटकावर स्वामित्वहक्क लागू आहे. दोन्ही लेखक हयात नाहीत, म्हणून प्रकाशकामार्फत वारसांची लेखी परवानगी लागेल, भाषांतराची वेगळी आणि प्रयोगाची वेगळी. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, तो वेळ धरून चाला. 1982 चं इंग्रजी भाषांतर लेखकांनी स्वतः केलेलं आहे, तेव्हा तो आधार भरवशाचा.

भाषांतर फसतं ते तीन ठिकाणी. एक, जमिनीचा दाखला. 'सातबारा' शब्द जिभेवर येतोच, पण तो घातला की प्रेक्षक थेट विदर्भात जातो आणि छावण्यांच्या काळात वाटलेले कागद हा संदर्भ पुसला जातो. साधा 'जमिनीचा दाखला' म्हणा आणि तो चौकटीत, प्रेक्षकाला सतत दिसेल असा टांगा. दोन, चर्चची गाणी. ती कीर्तनात किंवा अभंगात बदलायचा मोह आवरा. ख्रिस्ती धर्म इथे सत्तेच्या बाजूने आलेला आहे आणि विनोद त्यावरच आहे. चाल हवी तर मराठी ख्रिस्ती उपासनागीतांची घ्या. तीन, जुनी नृत्यगीतं. वेळ वाचवण्यासाठी हीच आधी कापली जातात आणि मग उरतात ती गिचांबाची भाषणं. कात्री लावायचीच तर भाषणांना लावा.

आणि प्रयोग बंदिस्त नाट्यगृहात करणार असाल तर निदान पहिल्या चार-पाच तालमी तरी उघड्या मैदानात, दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा ठेवा. कुठलं वाक्य पोचत नाही ते बघ्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.